‘कुठूनच नाही’ आलेले पैसे

मैत्रिणींनो, आपल्या कुठल्याही शिबिराचा किंवा मोर्चाचा अहवाल काढून पाहा. कोण बोललं, ठराव कोणी मांडला, अध्यक्षस्थानी कोण होतं, हे सगळं त्यात असतं. अगदी शेवटी एक ओळ येते : ‘जेवणाची व्यवस्था स्थानिक महिलांनी केली.’ दोनशे जणांना दोन दिवस जेवू घालणाऱ्या या ‘स्थानिक महिला’ कोण, सामान कुठून आलं, कोणाच्या पदरचे किती पैसे गेले, हे कोणी विचारत नाही. मला या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेते ते जरा लांबचं : अमेरिकेतल्या, चर्चच्या आधाराने चाललेल्या एका लढ्याचं.

अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, साल १९५५. बसमध्ये पुढची आसनं गोऱ्यांची, मागची काळ्यांची. गोऱ्यांना जागा कमी पडली की काळ्यांनी उठायचं. १ डिसेंबरला रोझा पार्क्स उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली : सोमवारी बसमध्ये चढू नका. त्या काळ्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या प्रमुख होत्या आणि बहिष्काराचा विचार मंडळात आधीपासून चालू होता. पाद्री मंडळी मात्र आधी कचरत होती. तेव्हा कामगार नेते ई. डी. निक्सन यांनी त्यांना सुनावलं की, धुणी धुणाऱ्या बायकांच्या पैशांवर तुम्ही आजवर जगलात, आता त्यांच्यासाठी काहीतरी करा.

त्यानंतर मात्र चर्च उभं राहिलं, आणि ते नुसत्या प्रार्थनेपुरतं नव्हे. बहिष्कार ३८१ दिवस चालला. एवढे दिवस हजारो माणसांना कामावर पोचवायचं म्हणजे गाड्या हव्यात, पेट्रोल हवं, ड्रायव्हर हवेत. चर्चची आवारं गाड्यांचे थांबे झाली. नव्या स्टेशन वॅगन घेतल्या, त्या चर्चच्या नावांवर नोंदवल्या. लोक त्यांना ‘चालती चर्च’ म्हणू लागले. विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळवला. रात्रीच्या सभा चर्चमध्येच भरत. तिथेच वर्गणी जमे, दिवसभर पायपीट केलेल्या बाया तिथेच येऊन बसत. आणि बसने जाणाऱ्यांमध्ये त्यांचाच भरणा मोठा होता. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणं, पोरं सांभाळणं करणाऱ्या या बायांनी बस सोडली म्हणून बस कंपनीचं कंबरडं मोडलं.

या सगळ्याला पैसा लागत होता. तो उभा करणाऱ्यांत एक होत्या जॉर्जिया गिलमोर. सहा मुलांची आई, एका खानावळीत स्वयंपाकीण. ड्रायव्हरने पैसे घेऊन मागच्या दाराने चढायला सांगितलं आणि त्या खाली उतरताच बस पळवली. तेव्हापासून त्यांनी बस सोडलीच होती. त्यांनी मैत्रिणींकडून १४ डॉलर जमवले, कोंबड्या, पाव, भाजी आणली आणि सँडविच करून सभेत विकली. मग जेवणं, केक, पाय असे घरोघर, ब्यूटी पार्लरमध्ये, लॉन्ड्रीत विकले जाऊ लागले. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते. या गटाचं नाव त्यांनी ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. म्हणजे, पैसे कुठून आले असं कोणी विचारलंच, तर खरं उत्तर देता यावं : कुठूनच नाही! कोणी रांधलं आणि कोणी पैसे दिले, हे फक्त गिलमोरबाईंना ठाऊक. सभेत त्या रक्कम जाहीर करत, तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवत. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनीही असाच क्लब काढला, आणि जास्त पैसे कोण जमवतं याची दोघींत चुरस लागली.

नाव लपवण्यात शहाणपण होतं. नाव कळलं तर नोकरी जाणार. मार्च १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील खटल्यात गिलमोर यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. मग किंग यांच्या मदतीने त्यांनी घरातच खानावळ सुरू केली. ज्यांनी दिलं त्यांच्यावर वेळ आली, तेव्हा त्यांनाही मिळालं. याला मी दान म्हणणार नाही. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इथे देणारीही पायी चालत होती आणि घेणारीही.

पण हेही पाहू या, की याच चर्चमध्ये व्यासपीठ पुरुषांचं होतं. ५ डिसेंबरच्या पहिल्या मोठ्या सभेत रोझा पार्क्स हजर होत्या, पण बोलल्या नाहीत. आता बोलायची गरज नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनने जागा सोडायला नकार दिला होता. ती गरीब घरची, पुढे लग्नाआधी गरोदर राहिली. लढ्याचा चेहरा म्हणून ती चालणार नाही असं नेत्यांनी ठरवलं. ‘चांगल्या बाई’ची अट तिथेही होती! आणि बसमधला भेदभाव अखेर ज्या खटल्याने संपवला, त्याच्या निकालापर्यंत टिकलेल्या चारही फिर्यादी बायकाच होत्या. त्यांत एक क्लॉडेट होती.

मला खटकतं ते इथे. संकटात नाव झाकणं वेगळं, आणि संकट टळल्यावरही ते झाकलेलंच ठेवणं वेगळं. पहिलं संरक्षण आहे. दुसरा अन्याय आहे, आणि तो बाहेरचे नव्हे, आपलेच लोक करतात. आपल्याकडे गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी संपकाळात कामगारांना उधारीवर जेवू घातलं, स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून निदान त्यांची नोंद झाली. बाकी कितीजणी ‘कुठूनच नाही’ राहिल्या असतील?

पूर, दुष्काळ, कोरोना, प्रत्येक वेळी चर्च, मंदिर, मशीद, गुरुद्वारा, पक्ष, संस्था यांच्या नावाने चुली पेटतात. त्या पेटाव्यातच. धर्माच्या छपराखाली आहे म्हणून ती मदत नाकारावी असं मला वाटत नाही. माँटगोमेरीत छप्पर नसतं तर लढा टिकला नसता. पण छपराखालच्या बाईला आपण काय देतो, हे विचारायला हवं. आणि सुरुवात आपल्याच घरापासून हवी. रांधणारीचं नाव, तिची चालत असेल तर, अहवालात यावं. तिच्या पदरचा खर्च हिशेबात धरावा. निर्णयाची बैठक जेवण वाढायच्या वेळी ठेवू नये.

गिलमोरबाई मार्च १९९० मध्ये वारल्या. सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला २५ वर्षं झाली म्हणून त्या दिवशीही त्या स्वयंपाक करत होत्या. त्यांनी केलेलं अन्न मग त्यांच्याच अंत्यविधीला आलेल्या माणसांनी खाल्लं.

पुढच्या शिबिराचा अहवाल लिहाल, तेव्हा शेवटच्या ओळीपाशी थांबा. आत जा, चुलीपाशी असलेल्या बाईला तिचं नाव विचारा.