साठा संपला, शर्यत तोंडावर
खास क्रीडा बुटांच्या ऑनलाइन खरेदीत पैसे परत मिळतात, पण सरावाचे आठवडे परत मिळत नाहीत

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी साधारणपणे सप्टेंबरपासून सुरू होते. १६ ते १८ आठवड्यांच्या या सरावात शेकडो किलोमीटर धावणे होते आणि धावण्याच्या बुटांचा एक जोड ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये निकामी होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शर्यतीसाठी दुसरा जोड घ्यावाच लागतो आणि तो शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालायचा नाही, हा धावपटूंचा अलिखित नियम आहे. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑनलाइन मागणी नोंदवली जाते. पैसे वळते होतात, मागणी स्वीकारल्याचा संदेश येतो आणि आठवड्याभराने दुसरा संदेश येतो : माल उपलब्ध नसल्याने मागणी रद्द करण्यात आली आहे, रक्कम परत केली जाईल.

व्यवहाराच्या दृष्टीने विषय येथे संपतो. खेळाडूच्या दृष्टीने तो येथे सुरू होतो. रक्कम परत येते, पण नव्या बुटांत पाय रुळवण्यासाठी राखलेले दिवस निघून गेलेले असतात.

रस्त्यावर धावणाऱ्यांना निदान पर्याय असतात. ट्रॅकवरील धावपटूचे स्पाइक्स, भालाफेकीचे बूट, वेटलिफ्टिंगचे टणक टाचेचे बूट किंवा कुस्तीचे बूट यांत निवडीला फारसा वाव नसतो. शिवाय एकाऐवजी दुसरा असे येथे चालत नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरील शर्यतीत ४० मिलिमीटरपर्यंत जाडीचा सोल चालतो, तर १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. म्हणजे एका प्रकारचा महागडा बूट दुसऱ्या स्पर्धेत अपात्र ठरू शकतो. मोठ्या शहरांबाहेर अशा बुटांची दुकाने विरळाच. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी सराव करणाऱ्या खेळाडूला ऑनलाइन खरेदी हाच अनेकदा एकमेव मार्ग उरतो.

साठा का आटतो?

टंचाईचे पहिले कारण मापांच्या गणितात आहे. बुटाचे एकच मॉडेल पुरुष आणि महिलांसाठी, अर्ध्या-अर्ध्या मापांत आणि कधी दोन रुंदींत येते. आयातदार काही महिने आधी मागणी नोंदवतो. खपाची मधली मापे अधिक आणि टोकाची मापे मोजकी मागवतो. परिणामी मॉडेल उपलब्ध दिसते, पण रुंद पाऊल, फार मोठे पाऊल किंवा महिलांचे लहान माप असणाऱ्यांच्या वाट्याला नकार येतो.

दुसरे कारण आयातीचे. नामांकित कंपन्यांचे बूट प्रामुख्याने व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशियातील कारखान्यांत तयार होतात. २०२०च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरील मूळ सीमाशुल्क २५ टक्क्यांवरून ३५ टक्के करण्यात आले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांसाठीचा नवा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. भारतीय मानक ब्युरोचा परवाना परदेशी कारखान्यांनाही आवश्यक ठरला आणि तो कारखान्याच्या तपासणीशी जोडलेला असल्याने परवाना नसलेल्या कारखान्यांच्या मालाची वाट अडली. निकृष्ट मालाला आळा घालण्याचा आदेशाचा हेतू गैर नव्हता. मार्च २०२५ मध्ये ब्युरोने दिल्लीतील एका बड्या ऑनलाइन बाजारपेठेशी संलग्न गोदामावर छापा घातला, तेव्हा आवश्यक चिन्ह नसलेल्या क्रीडा बुटांचे सुमारे ५९० जोड सापडले होते. मात्र मोजक्या संख्येने खपणाऱ्या खास बुटांसाठी स्वतंत्र परवान्याचा खटाटोप करणे कंपन्यांना परवडेलच असे नाही. देशात तमिळनाडूतील चेय्यार, पेरंबलूर अशा ठिकाणी मोठे कारखाने उभे राहिले आहेत, पण कारखान्याचा ओढा मोठ्या संख्येच्या मालाकडेच असतो.

दिसतो तो साठा कुणाचा?

टंचाई हा व्यापाराचा भाग मानला, तरी नसलेला माल विकला कसा जातो, हा प्रश्न उरतोच. परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार अशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. संकेतस्थळावर दिसणारा साठा वेगवेगळ्या विक्रेत्यांचा असतो. तोच विक्रेता तोच जोड दोन-तीन संकेतस्थळांवर आणि आपल्या दुकानातही विक्रीस ठेवतो. एका ठिकाणी विकला गेलेला जोड दुसरीकडच्या यादीतून वेळीच वगळला गेला नाही, की एकाच जोडाला दोन ग्राहक मिळतात.

ग्राहक सेवेची अडचण याच रचनेतून येते. दूरध्वनीवरील कर्मचाऱ्याला गोदामातील फळी दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त मागणीची नोंद असते. ‘थोडी प्रतीक्षा करा’ एवढेच तो सांगू शकतो. बाजारपेठ विक्रेत्याकडे बोट दाखवते आणि विक्रेता कंपनीकडे.

दुसरीकडे ‘फक्त दोनच जोड शिल्लक’ अशी पाटी ग्राहकाला घाईने निर्णय घ्यायला लावते. ती खरी असेल तर उपयुक्त माहिती. खोटी असेल तर फसवणूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या क्लृप्त्या नमूद केल्या असून, खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतील एक आहे.

कायद्याचा आधार, काळाची अडचण

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात निवारण करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनी स्वतः एकतर्फी मागणी रद्द करताना शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही भरावे लागत नाही.

कागदावर ही तरतूद पुरेशी वाटते. पण साठा संपल्याचे ग्राहकाला किती तासांत कळवावे, याची मुदत या नियमांत नाही. आणि निवारणाचा महिना नियमात बसत असला, तरी तोवर शर्यत उरकलेली असते. बुटाच्या एका जोडासाठी आयोगाची पायरी चढणारेही थोडेच.

म्हणूनच उपाय तक्रारीनंतरचा नव्हे, मागणी नोंदवतानाचा हवा. प्रत्येक मापाचा खरा साठा दाखवणे, माल नसल्यास एका दिवसात कळवणे आणि थांबणे, रद्द करणे किंवा तशाच रुंदीचा व टाचेच्या उंचीचा पर्याय घेणे यांतील निवड ग्राहकावर सोपवणे, एवढे केले तरी निम्मा मनस्ताप टळेल. यासाठी नवे कारखाने लागत नाहीत.

तोवर सावधगिरी ग्राहकालाच बाळगावी लागणार. शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधी मागणी नोंदवणे, विक्रेत्याचे नाव आणि आश्वासित तारीख यांची नोंद जपून ठेवणे आणि जुना जोड पूर्ण झिजण्याआधीच दुसरा वापरात आणणे हिताचे. बूट नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळले तर खेळाडू दुसरा मार्ग शोधू शकतो. दहाव्या दिवशी कळल्यास त्याच्या हाती परतावा येतो, वेळ मात्र उरलेला नसतो.