निगेटिव्ह वाचवा, नावांसकट

मराठी मुसलमान कसा दिसतो, हे महाराष्ट्राला कुठल्या फोटोंवरून कळतं? ईदच्या दुसऱ्या दिवशी छापून येणारी गळाभेट, दंगलीच्या बातमीतली गर्दी, तलाकवरच्या लेखाशेजारी बुरख्यातल्या दोन पाठमोऱ्या बायका. हे फोटो दुसऱ्यांनी काढले आणि दुसऱ्यांनीच निवडले. आपल्या माणसांनी काढलेले फोटो मात्र माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आणि बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत. त्यातले बरेचसे कागदावर कधी आलेच नाहीत. ते निगेटिव्हच्या पट्ट्यांवर आणि स्लाइडवर आहेत. त्यांचं डिजिटल रूपांतर करणं मी सामाजिक काम समजते, आणि ते आपल्या पिढीनेच करायला हवं.

गेल्या वर्षभरात मी आमच्या घरातल्या तीनेकशे निगेटिव्ह स्कॅन केल्या. नानांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. रोल धुऊन आणला की चार-पाच फोटोंच्याच प्रती काढायच्या, बाकीच्यांना पैसे कुठून आणायचे? त्यामुळे अल्बममध्ये सगळे नटूनथटून बसलेले दिसतात आणि रोजचं जगणं निगेटिव्हमध्ये राहून गेलं आहे. एसटी डेपोत खंडेनवमीला हार घातलेली बस आणि तिच्यासमोर खाकी गणवेशात थोरले मामू. शाळेच्या गॅदरिंगमध्ये जिजाऊ झालेली खाला. मोहरमच्या ताबुतांसमोर जमलेला सगळा गाव, त्यात टोपीवाले किती आणि फेटेवाले किती हे मोजत बसावं असा. धाकट्या मामूंनी सौदीहून आणलेल्या स्लाइडमध्ये एका खोलीत आठ जण, आणि मधोमध स्टोव्हवर भात. यातलं एकही चित्र कुठल्या वर्तमानपत्रात आलेलं मी पाहिलेलं नाही.

घाई का करायची? एक तर फिल्म कायमची नसते. ॲसिटेटची फिल्म ओलसर, उष्ण जागेत राहिली की आतून कुजू लागते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर हे सुरू झालं समजा. रंगीत फिल्मचे रंग अंधारातसुद्धा हळूहळू उडतात. कोकणच्या हवेत बुरशी धरते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडमध्ये पुराचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कपाटांबरोबर फोटोंच्या पेट्याही गेल्या. डिजिटल कॅमेरे आल्यावर गावोगावचे स्टुडिओ बंद पडले. आमच्याकडच्या एका स्टुडिओच्या निगेटिव्ह पोत्यांनी भंगारात गेल्या. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांत होती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फिल्म नीट ठेवली तर आणखी वीस वर्षं टिकेलही, पण त्यातले चेहरे ओळखणारी नानी आज ब्याऐंशी वर्षांची आहे. फोटो कोणाचा, कुठला, कोणत्या साली काढला, हे सांगणारं माणूस गेलं की उरते ती नुसती जुन्या कपड्यांतली अनोळखी माणसं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या नेतृत्वाखाली सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, हे आपण भाषणांत दरवेळी सांगतो. त्या सातजणींचे चेहरे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येतील?

आता कामाचं. साधा कागदपत्रांचा स्कॅनर चालत नाही. फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. दोन-चार घरांनी मिळून असा एक जुना विकत घेता येतो. तोही नसेल तर एका टॅबवर पांढरा पडदा लावा, त्यावर काही अंतर सोडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा, वर निगेटिव्ह ठेवून मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने सरळ वरून फोटो घ्या. उलटे रंग सुलट करणारी ॲप फुकट मिळतात. पट्टी नेहमी कडेने धरा, धूळ हवेच्या फुग्याने उडवा, ओलं फडकं अजिबात लावू नका. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मसाठी २४०० डीपीआय पुरतं. त्यातून साधारण ३४०० बाय २२५० पिक्सेलचं चित्र मिळतं. स्कॅनरमधली धूळ पुसण्याची इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर वापरू नका. त्या फिल्ममधली चांदी तिला धूळच वाटते आणि चित्र बिघडतं. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग काढा. व्हॉट्सॲपवर फोटो गेला की आकसतो, त्यामुळे तिथली प्रत ही जपलेली प्रत धरू नका. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका. कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.

एआयने रंग भरलेले आजोबा हल्ली घरोघरी दिसतात. हौस म्हणून करा, पण मूळ चित्र वेगळं राहू द्या. यंत्राने नानीच्या साडीला दिलेला हिरवा रंग हा यंत्राचा अंदाज आहे. ती साडी कोणत्या रंगाची होती हे नानीला विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा.

काही घरांत फोटो लावणं चालत नाही. भिंतीवर काय असावं हा त्या त्या घराचा प्रश्न आहे, मला त्यात पडायचं नाही. पण हजच्या पासपोर्टसाठी त्याच घरातल्या बुजुर्गांनी फोटो काढला होता. पेटीतली निगेटिव्ह जपायला भिंत लागत नाही. काही जण विचारतात, उद्या कागद मागितले तर हे फोटो उपयोगी पडतील का? नाही, फोटो हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. या गावात आपण कसे जगलो, कोणाच्या शेजारी उभे राहिलो, एवढंच त्यातून कळतं. मला ते कमी वाटत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप निघाली होती, हे विसरू नका. जपणं आणि जाहीर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. अम्मी, खाला, फुफी यांना विचारल्याशिवाय एकही फोटो बाहेर टाकायचा नाही. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तिथे वाद संपला.

हे काम घरापुरतं राहू नये. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये इंडियन मेमरी प्रोजेक्ट सुरू केला तो घराघरांतल्या फोटोंवर आणि त्यांच्या गोष्टींवर. तमिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने डिजिटल झाले. मालेगाव, मिरज, सोलापूर, भिवंडी इथल्या कॉलेजच्या मुलामुलींना एक स्कॅनर आणि रविवारची सकाळ यात हे का जमू नये? मोहल्ल्यातल्या वाचनालयात टेबल मांडा, आपल्याबरोबर शेजारच्या जोशी-कांबळ्यांच्या निगेटिव्हही घ्या. आपले कितीतरी फोटो त्यांच्या पेटीत आहेत, आणि त्यांचे आपल्या.

सुरुवात लहान करा. येत्या रविवारी एक पाकीट उतरवा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि पहिल्या पट्टीतली नावं लिहून घ्या. स्कॅनर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल.