रात्री मोबाइल कुठे असतो?

शाळा सुरू झाल्या की आपल्या दवाखान्यात नववी ते बारावीची मुले वाढू लागतात. डोके दुखते, सकाळी मळमळते, प्रार्थनेला उभे राहिले की चक्कर येते, लक्ष लागत नाही, घरात सारखी चिडचिड. आपण हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड पाहतो, चष्म्याचा नंबर तपासायला पाठवतो. यातले काहीच अनाठायी नाही. मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण इतके आहे की तो न तपासणे ही चूकच ठरेल. पण पहिल्या भेटीतच विचारायचा एक बिनखर्चाचा प्रश्न आपल्या केस पेपरवर क्वचित दिसतो: रात्री झोपताना मोबाइल कुठे असतो?

‘उशाशी’ असे उत्तर आले, तर पुढचा हिशेब मांडून पाहावा. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितले. सातची शाळा म्हणजे साडेपाचला उठणे आणि त्यासाठी साडेनऊच्या आत झोपणे आले. मात्र याच वयात मेलाटोनिन स्रवण्याची वेळ तास-दोन तास पुढे सरकते. साडेनऊला मुलाला झोप येत नाही, यात आळस किंवा हट्ट नसतो. त्याच्या शरीराचे घड्याळच तेव्हा जागे असते. अशा जाग्या मुलाच्या हातात न संपणारे रील आले की रात्रीचा एक कधी वाजतो ते त्यालाही कळत नाही. २०१६ मध्येच ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये २० अभ्यासांचा, सव्वा लाख मुलांचा आढावा प्रसिद्ध झाला. झोपेच्या वेळी मोबाइल वापरणाऱ्या मुलांची झोप अपुरी होती. पण ज्यांनी तो वापरला नाही, तरी ज्यांच्या हाताशी तो होता, त्यांचीही झोप कमी प्रतीची आढळली. आधीच निद्रानाश असलेले मूल मोबाइलकडे वळते, हेही खरे आहे. म्हणून कारण आणि परिणाम प्रत्येक पेशंटमध्ये वेगवेगळे तपासावे लागतात.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने हे सुटेल, अशी पालकांची समजूत आहे. २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचन करायला लावले, तेव्हा मेलाटोनिनची वेळ दीड तास पुढे गेली. प्रत्यक्ष झोप लागायला मात्र सुमारे दहाच मिनिटे जास्त लागली. आपल्याकडे येणाऱ्या मुलांचे दोन-दोन तास जात आहेत. ते प्रकाशामुळे जात नाहीत. पडद्यावर जे चालले आहे, त्यात ते जातात. चष्म्यावर खर्च करू नका, असे पालकांना स्पष्ट सांगावे.

आणि पडद्यावर असते तरी काय? बऱ्याचदा मित्रच असतात. हा भाग आपण पुरेसा समजून घेतलेला नाही. सकाळी सातला शाळा, दुपारी जेवण, चारपासून क्लास, मग दुसरा क्लास, घरी यायला नऊ. मैदानावर जायला, कट्ट्यावर बसायला, कुणाच्या घरी सहज डोकवायला त्या मुलाच्या दिवसात जागाच ठेवलेली नाही. रात्री दहानंतरचा वेळ तेवढा त्याचा स्वतःचा. वर्गाच्या ग्रुपवरच्या गप्पा, कुणाचे भांडण, कुणाची समजूत, सारे तेव्हाच चालते. त्या वेळी जो नसेल तो दुसऱ्या दिवशी वर्गात एकटा पडतो. ‘मोबाइल काढून घ्या’ एवढाच सल्ला देणारा डॉक्टर त्या मुलाचे उरलेसुरले मैत्र काढून घेतो. मोबाइल खोलीबाहेर ठेवायला सांगताना संध्याकाळचा एक तास मोकळा करायलाही सांगितले पाहिजे. एक क्लास कमी करा, असे पालकांना सांगण्याचा अधिकार फॅमिली डॉक्टरइतका आज दुसऱ्या कुणाकडे राहिलेला नाही.

मुलाशी बोलताना पाच मिनिटे आई-वडिलांना बाहेर बसवावे. त्यांच्यासमोर ते खरी वेळ सांगणार नाही. रात्री कुणी त्रास देते आहे का, गेममध्ये पैसे गेले का, जगणे नकोसे वाटते का, हे तर मुळीच नाही. आयसीडी-११ मध्ये गेमिंगच्या विकाराला स्थान आहे. पण ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळणे चालू राहणे, हे साधारणपणे वर्षभर टिकलेले असावे लागते. दोन भेटींत तसे निदान करून मुलाच्या माथी मारू नये. नैराश्याची शंका आली तर मात्र थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

घरातल्या मोठ्यांचे काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्या उपक्रमातली शिकण्यासारखी गोष्ट ही, की नियम एकट्या मुलांना नव्हता. वडिलांचा मोबाइल उशाशी आणि मुलाचा स्वयंपाकघरात, अशी चिठ्ठी कोणत्याही घरात दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. लहान मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगलाच होता. मात्र घड्याळ पुढे सरकते ते किशोरवयात, आणि पाचवीपासून पुढचे विद्यार्थी त्या आदेशाबाहेर राहिले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी नको, असे २०१४ मध्येच म्हटले. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदा लागू आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांपुढे जागेची आणि शिक्षकांची अडचण खरी आहे. तरीही वैद्यकीय बाजू ठामपणे मांडणे हे आपले काम आहे. आपल्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शालेय व्यवस्थापन समितीला याच महिन्यात पत्र लिहा, पालकसभेत बोलायला वेळ मागा. आणि उद्याच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक किशोरवयीन पेशंटच्या केस पेपरवर वजन, नाडी, रक्तदाबाखाली झोपण्याची आणि उठण्याची वेळ नोंदवा.