लिफ्ट बंद ठेवून काय वाचलं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्कीमच्या बैठकीत एका ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता. तो करायला नको होता, असं आता वाटतं. त्याबद्दलच आज लिहिते आहे, कारण तसाच ठराव आज ना उद्या तुमच्याही पार्किंगमध्ये येणार आहे.

आमची स्कीम नागपुरातली. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा फ्लॅट. आम्ही राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये मुलांच्या सायकलींना जागा पुरत नव्हती. आता ती मुलं पुण्याला, बेंगळुरूला, दोन-तीन अमेरिकेत. मागे राहिलो आम्ही. बहुतेक घरांत साठीच्या पुढची दोन माणसं, काही घरांत एकच. पुण्यात ज्येष्ठांसाठी मुद्दाम बांधलेल्या वसाहती आहेत. आमची कुणी तशी बांधली नाही, पण वीस वर्षांत ती आपोआप तशी झाली.

बैठकीचा विषय होता सामायिक मीटरचं बिल. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्या एका मीटरवर. बिल वाढलं, जनरेटरचं डिझेल वाढलं, चौकीदाराचा पगार वाढला. आमची पेन्शन मात्र त्या वेगाने वाढत नाही. तेव्हा बचतीचे तीन उपाय मांडले गेले. एक, दुपारी एक ते चार आणि रात्री दहा ते सकाळी सहा लिफ्ट बंद. दोन, वीज गेली तरी जनरेटर लावायचा नाही. तीन, तळमजल्यावरच्या चार घरांनी लिफ्टचे पैसे द्यायचे नाहीत.

तिसरा मुद्दा आमच्याच शेजाऱ्यांनी काढला. "काहून भरायचे जी आम्ही लिफ्टचे पैसे? वीस वर्षांत बटण नाही दाबलं." मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मला ते पटलं. शिवाय काटकसर म्हटली की आपला हात लवकर वर जातो. लहानपणापासून तेच शिकवलंय ना, गरजेपुरतंच वापरा. माझा हात वर गेला. ठराव झाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. त्या ऐंशीच्या जवळ आलेल्या. काका जाऊन दोन वर्षं झाली.

मे महिन्यात एक दिवस दुपारी दीडच्या सुमाराला दारावर टकटक झाली. काकू होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीहून आल्या होत्या, डोळ्यावर काळा चष्मा. ऑटोवाला फाटकाशी सोडून गेला होता आणि लिफ्ट बंद होती. नागपुरातली मे महिन्यातली दुपार मी तुम्हाला सांगायला नको. मी त्यांना कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं. चार वाजेपर्यंत त्या आमच्याकडे बसल्या. जाताना म्हणाल्या, "काही नाही जी, तेवढ्याच तुमच्याशी गप्पा झाल्या."

त्या गप्पांतच कळलं की गुडघ्यांच्या व्यायामाला जाणं त्यांनी सोडलंय, कारण तिथली वेळ दुपारची. आणि हेही कळलं की दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय. ते खरं तर मला आधीच माहीत असायला हवं होतं. थकबाकीदारांची नावं पार्किंगमधल्या फळ्यावर लिहिलेली असतात. मी त्या फळ्यासमोरून रोज मंदिरात जाते.

त्या रात्री आमच्या ह्यांना हिशोब विचारला. सरकारी नोकरीत पेन्शन साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के असते, आणि नवरा गेल्यावर बायकोला मिळणारी कुटुंब पेन्शन, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर, ३० टक्के. म्हणजे घरातलं एक माणूस गेलं की उत्पन्न साधारण साठ टक्क्यांवर येतं. मेंटेनन्स मात्र तेवढाच राहतो. फ्लॅट तोच, लिफ्ट तीच. आणि हे झालं सरकारी नोकरीचं. गिरणीतून, कारखान्यातून, खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यात कुठल्या स्कीमचा मेंटेनन्स बसतो, सांगा.

बैठकीत "परवडत नाही" असं मोठ्याने म्हणणारे बहुतेक वेळा ज्यांना परवडतं तेच असतात, असं मला आता वाटतं. ज्यांना खरंच परवडत नाही ते गप्प बसतात. म्हणून खर्चाचा वाद हा कोणाचा आवाज मोठा यावर सुटू नये. त्याला काही पद्धत हवी.

आपण बायकांना ही पद्धत स्वयंपाकघरातून माहीत आहे. एकत्र कुटुंबात मिठाचा हिशोब कोणी करत नाही. तुपाचा करतात. आणि कुणा एकाच्या हौसेची मिठाई आली, तर पैसे ज्याचे त्याने द्यायचे. स्कीमच्या खर्चाचेही असे तीन ढीग करता येतात.

पहिला ढीग मिठाचा. लिफ्ट, जिन्यातले दिवे, चौकीदार, वीज गेल्यावर निदान लिफ्ट आणि पंप चालेल एवढी सोय. हे सगळ्यांचं, कोणी किती वापरलं हे न विचारता. गृहनिर्माण सहकारी संस्थांचे आदर्श उपविधीही हेच सांगतात: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी तिचा खर्च सारखा उचलायचा, लिफ्ट वापरोत की न वापरोत. माझ्या शेजाऱ्यांचा आणि माझा मुद्दा तिथेच संपतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी तळमजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावरची गच्ची वरच्यांच्या पैशाने गळायची थांबते. ती गच्ची तरी आम्ही रोज कुठे वापरतो?

इथे एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तुमची स्कीम सहकारी संस्था आहे की १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली आहे? संस्थेत सेवाखर्च दर फ्लॅटला सारखा असतो. अपार्टमेंट कायद्यात सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. निम्मी भांडणं यातूनच होतात, कारण एकाच बैठकीत अर्धे लोक एका कायद्याने बोलतात आणि अर्धे दुसऱ्याने. आमच्याकडे तर वीस वर्षांत नोंदणीचे कागदच कोणी उघडले नव्हते.

दुसरा ढीग तुपाचा, म्हणजे पाण्याचा. हे मोजून वापरायचं आणि मोजून भरायचं. नागपूरला पाणी येतं पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. २०१९ च्या जुलैमध्ये तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि अख्ख्या शहराला दिवसाआड पाणी मिळालं, ते दिवस आठवा. शिवाय महापालिकेच्या पाण्याच्या दरात दरवर्षी ५ टक्के वाढ होते. एका घरात दोन माणसं आणि एक कूलर, दुसऱ्या घरात सहा माणसं, तीन कूलर आणि रोज धुतली जाणारी गाडी, आणि बिल दोघांना सारखं. हा काही न्याय नाही. प्रत्येक फ्लॅटला छोटं मीटर बसवायला एकदाच खर्च येतो, पण एका स्कीममध्ये तरी मी पाहिलंय, मीटर लागल्याबरोबर गळके नळ दुरुस्त झाले.

पाणी गाळून वापरण्याची सवय आपल्या घराघरात आहे. गळण्यावर उरलेलं पाणी आपण जपून सोडतो, कारण त्यात जीव आहेत हे आपण मानतो. मग गच्चीवरची टाकी अर्धा तास भरून वाहते तेव्हा आपण बाल्कनीतून "कोणीतरी पंप बंद करा जी" एवढंच का ओरडतो? विनाकारण होणाऱ्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. वाहती टाकी अनर्थदंडात बसते. ऐंशी वर्षांच्या बाईची लिफ्ट बसत नाही. मी हात वर केला तेव्हा हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

तिसरा ढीग हौसेचा. गणपतीची रोषणाई, फाटकावरचं नवं कारंजं, कोजागिरीचं दूध. हे वर्गणीतून. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, न देणाऱ्याचं नाव कुठे लिहू नये.

कुठली गोष्ट कुठल्या ढिगात, यावर वाद होणारच. माझ्या मोठ्या नणंदबाई पुण्याला ज्येष्ठांच्या एका नियोजित वसाहतीत राहतात. तिथे सगळं आयतं: भोजनगृह, परिचारिका, बाग. पण वाद तिथेही आहेतच. भोजनगृहात रात्रीचं जेवण साडेसातला. नणंदबाईंचं सूर्यास्तापूर्वी. त्यांनी लवकर जेवण मागितलं, तर कुणी म्हणालं, एका माणसासाठी आचारी दोन तास आधी का बोलवायचा, आणि त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. व्रत नणंदबाईंचं, तर त्याचा खर्चही त्यांचाच. पण दुपारच्या स्वयंपाकातलाच डबा साडेपाचला गरम करून देण्यात कुणाचं काहीच जात नव्हतं. तसं ठरलं आणि वाद मिटला. अशा वसाहतींत आणखी एक काटा असतो. मेंटेनन्स महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे असली, की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे एक-एक सोय वाढवताना ती रेषा कधी ओलांडली जाते हे कळतसुद्धा नाही. तिथे घर घेण्याचा विचार असेल, तर फ्लॅटच्या किमतीआधी महिन्याचा खर्च विचारा आणि एकटं राहिल्यावर तो झेपेल का हेही विचारा.

आता कोणी म्हणेल, तत्त्वं ठीक आहेत, पण बिल कसं कमी होणार? होतं. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंत महाग, ५०० पर्यंत आणखी महाग आणि त्यापुढे सगळ्यांत महाग. सामायिक मीटरवर सोळा घरांची लिफ्ट आणि पंप असल्यामुळे तो पटकन वरच्या टप्प्यात जातो. म्हणून तिथे वाचलेलं एक-एक युनिट सगळ्यांत महागडं असतं. जिन्यात एलईडी दिवे, टाकीला पाणी भरल्यावर आपोआप पंप बंद करणारी सोय, हे आधी करा. मग सोलरचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना आणि रहिवासी संघटनांना सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण ४ युनिटं देतं. म्हणजे ५ किलोवॅटला महिन्याची जवळपास ६०० युनिटं आणि अनुदान ९०,००० रुपये. ज्या उन्हाला आपण चार महिने नावं ठेवतो, तेच ऊन लिफ्ट चालवेल. गच्चीवर कुरड्या-सांडगे वाळवायला जागा उरेल का, असं एका काकूंनी विचारलं. उरेल. मी मोजून आले.

लिफ्ट ही चैन नाही, हे सरकारनेही मान्य केलंय. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. त्यात एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवीच, शिवाय रॅम्प, किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारं, न्हाणीघरात धरायला दांडे, असं सगळं आहे. ते नियम नव्या प्रकल्पांना लागू. पण आमच्यासारख्या जुन्या स्कीममधली माणसं काही कमी म्हातारी नाहीत.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की माझा हात मी खाली घेते, तळमजला लिफ्टचे पैसे देईल. शेजारी नाराज झाले, आठ दिवस बोलले नाहीत. मग तेही भरायला लागले. लिफ्ट आता दिवस-रात्र चालू असते. काकूंना मी त्याआधीच भेटून आले होते. क्षमावाणीच्या दिवसापर्यंत थांबावंसं वाटलं नाही.

फळ्यावरची नावं मात्र अजून आहेत. सचिवांचं म्हणणं, नाव लिहिलं नाही तर कोणी पैसे देत नाही. देऊ शकत असून न देणाऱ्यांसाठी नोटीस आहे, कायदा आहे. पण देऊ न शकणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहून काय मिळतं? अशा घरासाठी दोन-तीन जणांनी मिळून गुपचूप तजवीज करावी, हप्ते पाडून द्यावेत, व्याज सोडावं. आपल्याकडे गुप्तदानाची रीत उगाच नाही पडली.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. विषय दोनच: जनरेटर आणि तो फळा. तुमच्या स्कीममध्ये बैठक असेल तर जाण्याआधी एवढंच करा. ज्यांचा आवाज बैठकीत कधी ऐकू येत नाही, त्यांच्या घरी एकदा चहाला जाऊन या. आणि जाताना जिन्याने जा.