पहाटे लेकर्स, संध्याकाळी कोण?

पुण्यातला बास्केटबॉल फॅन ओळखायची एक सोपी खूण सांगतो. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये ज्याचे डोळे तांबारलेले पण चेहरा एकदम खुशीत, तो आपला माणूस. त्याच्यावर उगाच भलताच संशय घेऊ नका. अमेरिकेतली रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची पहाट. तिकडे मॅच सुरू होते तेव्हा इकडे दूधवाला पिशव्या टाकून जात असतो. साडेपाचला उठायचं, टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा (घरचे उठले तर दुसरीच कॉमेंट्री सुरू होते), पांघरुणात बसून लेकर्सचा शेवटचा क्वार्टर संपवायचा आणि धावत हिंजवडीची बस पकडायची. हा कार्यक्रम ऑक्टोबर ते जून. क्रिकेटवाले एवढा त्याग फक्त ऑस्ट्रेलिया दौऱ्यात करतात.

मीही याच जमातीतला. डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत घासाघीस करून घेतलेली पिवळी जर्सी अजून कपाटात आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ मुंबईत खेळायला आले, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, तेव्हा वरळीच्या डोममध्ये पहिली मॅच ओव्हरटाइमला जाऊन पेसर्सनं १३२-१३१ अशी जिंकली. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्मानं मुंबईकर, त्यामुळे आमची कॉलर त्या आठवड्यात अंमळ जास्तच टाइट होती. जणू आपणच संघ विकत घेतलाय!

पण या ऐटीला एक टाचणी लागली, आणि ती मनिलाहून आली.

आमच्या प्रोजेक्टची सपोर्ट टीम मनिलात बसते. कॉल सेंटरच्या धंद्यात भारत आणि फिलिपिन्स पक्के प्रतिस्पर्धी, पण इश्यू क्लोज झाला की आमच्या गप्पा बास्केटबॉलच्या. एकदा तिकडच्या सहकाऱ्यानं विचारलं, "तुझी टीम कोणती?" मी म्हटलं, "लेकर्स." तो म्हणाला, "ती टीव्हीवरची झाली. तुझ्या गावातली कोणती? कॉलेजची? गल्लीची?" मी म्हटलं, तसं आमच्याकडे काही नसतं. दोन क्षण शांतता. त्याला वाटलं लाइन खराब आहे, म्हणून त्यानं तोच प्रश्न पुन्हा सावकाश विचारला.

त्याला का कळेना, ते समजायचं तर फिलिपिन्स समजून घ्यायला हवं. माणसं आपल्यासारखीच, उंचीला बेताची. बास्केटबॉलसारख्या ताडमाड लोकांच्या खेळात त्यांनी पडूच नये असं कुणीही सांगेल. पण तिथं हा खेळ आपल्या गल्ली क्रिकेटच्या जागी आहे. 'बरांगाय' म्हणजे तिथला सगळ्यात लहान प्रशासकीय विभाग, आपल्या वॉर्डासारखा. बहुतेक बरांगायमध्ये एक कोर्ट असतंच, पुष्कळदा वर पत्र्याचं छप्पर. तिथंच सभा, तिथंच समारंभ, आणि वादळ आलं की तिथंच लोकांची राहायची सोय. कोर्ट नसेल तिथं माडाच्या खोडाला रिंग ठोकायची. बूट नसतील तर स्लिपर घालून खेळायचं. उन्हाळ्यात गल्लीगल्लीची 'लिगा' भरते आणि अख्खा मोहल्ला खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसतो.

यावर उभी आहे पीबीए, १९७५ साली सुरू झालेली आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. आणि गंमत म्हणजे तिच्यात शहरांचे संघ नाहीतच, कंपन्यांचे आहेत! मेराल्को हा वीज कंपनीचा संघ, म्हणजे समजा महावितरणचा. 'रेन ऑर शाइन' हा रंगाचा ब्रँड. आणि सगळ्यात लाडका संघ बरांगाय हिनेब्रा, तो चक्क जिनच्या नावाचा. या संघाचा रॉबर्ट जावोर्स्की एकाच वेळी खेळाडू आणि कोच होता, पन्नाशीपर्यंत कोर्टवर उतरत होता आणि १९९८ मध्ये थेट सिनेटर म्हणून निवडून आला. काही स्पर्धांमध्ये पीबीए परदेशी खेळाडूंच्या उंचीवरच मर्यादा घालते. म्हणजे बाहेरचा पाहुणा हवा, पण त्यानं घरातला पंखा काढायला लावू नये.

कॉलेजचं प्रकरण त्याहून भारी. तिथली यूएएपी ही विद्यापीठांची स्पर्धा १९३८ पासूनची. तिच्यातली अतेनेओ विरुद्ध ला साल ही मॅच म्हणजे काय, ते पुणेकराला एका वाक्यात सांगतो: पुरुषोत्तमच्या फायनलला भरत नाट्य मंदिरात जो आरडाओरडा होतो, तो पंधरा हजार माणसांत. पास होऊन वीस-वीस वर्षं झालेले लोक कंपनीत सुट्टी टाकून आपापल्या रंगाचे टी-शर्ट घालून येतात. अमेरिकेतही कॉलेज बास्केटबॉलची क्रेझ जबरदस्त आहे. मार्चमध्ये ६८ संघांची स्पर्धा सुरू झाली की ऑफिसांमध्ये काम कमी आणि पैजा जास्त. पण तिथं ती मुलं एनबीएच्या जिन्यावर उभी असतात, त्यामुळे टीव्हीचे कोट्यवधी डॉलर त्या खेळावर पोसले जातात. गंमत म्हणजे स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची परवानगी त्या मुलांना जुलै २०२१ मध्ये मिळाली. मनिलाच्या मुलांपैकी बहुतेकांना एनबीए दिसणारही नाही. तरी स्टेडियम भरतं, कारण लोक आपली मुलं बघायला येतात.

२५ ऑगस्ट २०२३ ला वर्ल्ड कपची मॅच बघायला मनिलाजवळच्या फिलिपिन अरेनामध्ये ३८,११५ प्रेक्षक आले होते. वर्ल्ड कपच्या इतिहासातला हा विक्रम. त्या दिवशी त्यांचा संघ डॉमिनिकन रिपब्लिककडून हरला. सहा आठवड्यांनी त्याच देशानं हांगझौच्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, १९६२ नंतर पहिल्यांदा.

आता गंमत अशी, की हा खेळ आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच दारातून आला. १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथनं तो शोधला आणि वायएमसीएचे लोक तो घेऊन आशियाभर फिरले. फिलिपिन्सला १९५४ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळालं. आपण ऑलिंपिकला एकदाच गेलो, १९८० मध्ये मॉस्कोला, आणि १२ संघांत बारावे आलो.

मग आपल्या मातीतच काही खोट आहे का? अजिबात नाही. मुंबईत नागपाड्याला जाऊन बघा. दाटीवाटीची वस्ती, लहान खोल्या, आणि मधोमध बास्केटबॉल. मस्तान वायएमसीए आणि ज्यांच्या नावानं आज तिथलं मैदान आहे ते कोच बच्चू खान, यांनी त्या एका मोहल्ल्यातून पिढ्यान्पिढ्या खेळाडू काढले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. त्या पोरांना उंची मिळाली नव्हती आणि डाएटिशियनही नव्हता. घराबाहेर पडलं की समोर कोर्ट होतं आणि कोर्टाभोवती बघणारे काका-मामा होते, एवढंच. आपलं बरांगाय लोकलच्या अंतरावर आहे, राव.

आणि पुणं? आपल्याकडे सोयींची बोंब नाही. बालेवाडी आहे. २००९ मध्ये आशियाई सोळा वर्षांखालील मुलींची पहिली स्पर्धा पुण्यात झाली. २०१९ ची खेलो इंडिया बालेवाडीतच. डेक्कन जिमखान्यापासून कॉलेजांच्या मैदानांपर्यंत कोर्टं आहेत, सीओईपीच्या 'झेस्ट'सारखे फेस्टिव्हल आहेत. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बेंगळुरूला कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून भारतीय मुली आशिया कपच्या वरच्या गटात गेल्या, त्या संघात ती होती. आता खरं सांगा, फर्ग्युसन रोडवर शेजारच्या टेबलावर ती कॉफी पीत बसली, तर आपल्यातले किती जण मान वर करून बघतील? आणि तिथंच स्टेफ करी दिसला तर? ट्रॅफिक जाम होईल.

लीगचंही तेच. २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली, तिच्यात आपला 'पुणे पेशवाज' होता. नाव झकास. २०१७ नंतर लीगच थांबली आणि पेशवाई पुन्हा एकदा बुडाली. या वेळी शनिवारवाड्यावर कुणी झेंडा उतरवल्याचंही आठवत नाही, कारण चढवलेला फारसा कुणी पाहिलाच नव्हता. २०२२ मध्ये फेडरेशनच्या पाठिंब्यानं आयएनबीएल आली, तिच्या सहा संघांत मुंबई होती, पुणं नव्हतं. आपण त्यावर साधी हळहळही व्यक्त केली नाही. वर्षानुवर्षं मला वाटायचं की चकचकीत लीग आली की खेळ येईल. मनिलाकडे बघून कळतं की क्रम उलटा आहे. वीज कंपनीचा संघसुद्धा लोक डोक्यावर घेतात, कारण त्यातला गार्ड त्यांनी आधी गल्लीत, मग कॉलेजात बघितलेला असतो.

आपल्याकडे ही साखळी नेमकी कुठं तुटते, ते मला माझ्या एका मित्राकडे बघून कळतं. आमच्या कॉलेजचा पॉइंट गार्ड. राज्य पातळीवर खेळलेला. त्याचा पास कुठून आला हे समोरच्याला बॉल रिंगमध्ये गेल्यावर कळायचं. आपल्याकडे खेळाचा रस्ता ठरलेला असतो: दहावी-बारावीला सवलतीचे गुण, मग कॉलेजची स्पोर्ट्स सीट, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग नशीब असेल तर सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण किंवा रेल्वे. या रस्त्याला मी हसणार नाही. शिरीनसारख्या कितीतरी मुली रेल्वेच्या नोकरीमुळेच पगाराची चिंता न करता खेळू शकल्या. पण त्या जागा मोजक्या. माझा मित्र थोडक्यात राहिला. शेवटच्या वर्षाची शेवटची मॅच झाली, शेकहँड झाले, सर म्हणाले, "किट जमा करून जा." त्यानं सात नंबरची जर्सी घडी घालून टेबलावर ठेवली. बस्स, करिअर संपलं. वय वर्षं बावीस.

आज तो एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये आहे. गुडघे ठणठणीत, हात अजून तेवढाच मऊ. विचारलं तर म्हणतो, "खेळू रे, पण कुठं आणि कुणाशी?" अमेरिकेतल्या तेवीस वर्षांच्या मुलाची शूटिंग टक्केवारी मला तोंडपाठ आहे, आणि मी प्रत्यक्ष पाहिलेला सगळ्यात चांगला खेळाडू शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये ट्रॉली ढकलतोय. मला खुपतं ते हे.

'कुठं'चं उत्तर खरं तर आपल्या खिडकीखाली आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यात उभ्या राहिलेल्या सोसायट्यांची ब्रोशर काढून बघा. स्विमिंग पूल, जिम, आणि हमखास एक 'हाफ बास्केटबॉल कोर्ट'. ब्रोशरमध्ये तिथं एक गोरा मुलगा उडी मारत असतो. प्रत्यक्षात तिथं एका बाजूला पाहुण्यांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मांडवाचे बांबू, रिंगला जाळी नाही, आणि भिंतीवर अस्सल पुणेरी पाटी: 'येथे चेंडू आपटू नये. आपटल्यास पालकांना कळवले जाईल.' आता बास्केटबॉल न आपटता कसा खेळायचा, हे पाटी लिहिणाऱ्यानं एकदा दाखवावं.

आमच्या सोसायटीत आम्ही सहा जणांनी कमिटीशी तह केला. शनिवार-रविवार, संध्याकाळी सहा ते आठ, गाड्या दुसरीकडे. पहिल्या शनिवारी सहाच होतो. तिसऱ्या शनिवारी दोन कॉलेजची पोरं आली आणि त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. पाचव्या शनिवारी बाकांवर तीन आजोबा येऊन बसले. त्यातले एक आता फाउल कुठला आणि ट्रॅव्हलिंग कुठलं यावर आमच्याशी भांडतात. आणि मागच्या आठवड्यात माझ्या त्या मित्राला मी ओढून आणलं. दहा मिनिटं तो कुणाशी बोलला नाही. मग न बघता पाठीमागून एक पास दिला, आणि आजोबांनी बसल्या जागेवरून टाळी वाजवली.

एनबीए सोडा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः सोडणार नाही. पहाट लेकर्सची, ती त्यांचीच राहू दे. पण संध्याकाळ मोकळी आहे. आपल्या जुन्या कॉलेजची मॅच असेल तर एकदा जाऊन बसा. तिकिटाची भानगड नसते आणि पार्किंगही मिळतं. पाच खेळाडूंची नावं लक्षात ठेवा आणि त्यांच्यावर मनसोक्त ओरडा. आणि खाली सोसायटीत रिंग असेल, तर या वीकेंडला तिला एक जाळी लावा.

बूट नसले तरी चालतंय. मनिलात स्लिपरवर भागतं.