आठवीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी चर्चची दारे उघडावीत




इंदूरमध्ये चर्च आणि शिक्षण यांच्या नात्याचा विषय निघाला की चर्चा मिशनच्या शाळांतील प्रवेश, शुल्क आणि निकाल यांच्यापुढे फारशी सरकत नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये स्थापन केलेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजापासून सेंट राफेल, सेंट पॉल यांसारख्या शाळांपर्यंतची परंपरा मोठी आहे, यात वाद नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याला अशा शाळेची पायरी चढणेच परवडत नाही, चर्च त्याचे काय देणे लागते, हा प्रश्न त्या परंपरेलाच विचारायला हवा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो आणि सरकारी शाळेतील मध्यान्ह भोजनही आठवीपर्यंतच मिळते. नववीत पाऊल टाकताच हा आधार सुटतो आणि नेमक्या त्याच वेळी परीक्षा शुल्क, शिकवणी, प्रवासखर्च यांचा बोजा वाढतो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांतून आलेल्या मुलाच्या घरी भिली किंवा बारेली बोलली जाते, वर्गात हिंदी असते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जातीच्या दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी त्याचे पैसे अडकू शकतात.

चर्चला करता येण्याजोगे काम येथेच आहे. रविवारच्या उपासनेला भरणारे सभागृह इतर दिवशी संध्याकाळी बहुधा रिकामे असते; तेथे दिवे, टेबले, पिण्याचे पाणी आणि साधे जेवण यांची सोय केली, तर भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांना अभ्यासिका मिळेल. मंडळीत, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायात, निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी असतात. त्यांतील कोणी गणित शिकवावे, कोणी अर्ज भरून द्यावेत आणि ज्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले आहे त्यांनी समुपदेशन करावे. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, तर विद्यार्थ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून त्याला स्वतःच्या अडचणीतून वाट काढण्यास केलेली मदत होय.

यावर धर्मांतराचा आक्षेप येणार, हे गृहीत धरावे आणि त्याची हेटाळणी करू नये. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ प्रलोभन दाखवून केलेल्या धर्मांतरास मनाई करतो आणि प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू व भौतिक लाभ येतात, त्यामुळे वह्यांच्या वाटपाकडेही संशयाने पाहिले जाऊ शकते. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील अल्पवयीन विद्यार्थ्यास पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षण वा उपासनेत सहभागी करून घेण्यास प्रतिबंध करते. अभ्यासिका ही अशी संस्था नसली, तरी चर्चने हेच तत्त्व स्वतःहून स्वीकारावे: मुख्याध्यापकांची मागणी व पालकांची लेखी संमती असल्याशिवाय काम सुरू करू नये, अभ्यासिकेत प्रार्थना वा धर्मपुस्तकांचे वाटप ठेवू नये, मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि लैंगिक अत्याचाराची शंका येताच २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावी.

प्रचारच वर्ज्य केला तर चर्चने हे काम करायचे कशासाठी, असा प्रश्न मंडळीतूनही येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते. जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंना अहमदनगर येथे अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण मिळाले. दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, तरी मुलींच्या आणि दलितांच्या शिक्षणासाठी त्यांनी उभारलेल्या कार्याला त्या शिक्षणाचा आधार होता. मिशनच्या शिक्षणाचे फळ मिशनच्या कुंपणाबाहेर लागले, म्हणून ते वाया गेले असे कोणीही म्हणणार नाही.

शिक्षकांची रिक्त पदे भरणे आणि शिष्यवृत्ती वेळेवर देणे ही शासनाचीच जबाबदारी आहे आणि चर्चच्या मदतीमुळे शासनाला तिच्यातून अंग काढून घेता येणार नाही. तरीही पुढील बोर्ड परीक्षांपूर्वी इंदूरमधील प्रत्येक चर्चने जवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि मदतीची योजना स्वतः ठरवण्याआधी तेथील मुलांना काय कमी पडते, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे.

— एक वाचक, इंदूर