लेसरची उचल आणि कोयत्याची उचल

थोर माणसांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांची चरित्रं लिहिणाऱ्यांवर. त्यांच्याकडं साचा तयार असतो. लहान गाव, हुशार पोरगा, जिद्द, चिकाटी, परदेश, पारितोषिक. खाली तात्पर्य : मुलांनो, तुम्हीही असे व्हा. व्हा म्हंजे कसं व्हा? कुणाच्या पैशावर व्हा? एवढं विचारलं की मास्तर म्हणतो, गप बस, उलट बोलू नको.

म्हणून मी असंच एक चरित्र घेतो आणि उलटं धरून वाचतो.

चंद्रकुमार नारणभाई पटेल. जग त्यांना कुमार पटेल म्हणून ओळखतं. जन्म २ जुलै १९३८, गाव बारामती. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली बी.ई. तिथनं अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ. १९५९ ला एम.एस., १९६१ ला पीएच.डी. त्याच साली बेल प्रयोगशाळेत नोकरी. १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर काढला. वय तेव्हा २५-२६. माझ्याएवढंच. पुढं १९९३ पर्यंत बेलमध्येच, शेवटी संशोधनाचे कार्यकारी संचालक. मग १९९९ पर्यंत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधनाचा कारभार. १९९६ ला अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक. आणि २००० साली, साठी ओलांडल्यावर, स्वतःची कंपनी. नाव प्राणालिटिका, धंदा लेसर बनवायचा.

माणूस मोठा आहे. हे आधीच रेघ मारून सांगतो, नंतर कुणी म्हणू नये की गोदीतल्या हमालाला पोटशूळ उठला.

आता मी कोण ते सांगतो. मी बीड जिल्ह्यातला. मॅट्रिक पास, मुंबईच्या गोदीत ठेक्यावर. आमच्याकडं बारामती म्हटलं की राजकारण नंतर आठवतं, आधी ऊस आठवतो. दसरा-दिवाळी झाली की बीडच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. गेवराई, धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी. टोळ्या ट्रकात बसतात आणि बारामती, इंदापूर, सांगली, कोल्हापूरच्या फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. माझे आय-बाप असाच एक कोयता होते.

म्हंजे बघा. बारामतीत जन्मलेल्या माणसानं असा उजेड शोधला, की त्यानं पोलाद कापलं जातं. आणि त्याच बारामतीच्या फडात बीडची बाई आजही वाकून कोयत्यानं ऊस कापते. दोन्ही कापायचीच हत्यारं. मधी अंतर कशाचं पडलं? चरित्रवाला म्हणेल, अकलेचं. मी म्हणतो, उचलीचं.

आधी हा लेसर काय ते समजून घेऊ. न समजता शिव्या घालायच्या किंवा न समजता हार घालायचे, दोन्ही सारखंच.

गोदीत मोठं धूड हलवायचं असलं तर एकेकट्यानं ओढून ते हलत नाही. मुकादम हाळी देतो, सगळे एका दमात, एका दिशेला जोर लावतात, मग हलतं. साधा दिवा ही पांगलेली टोळी. त्यातला उजेड वाटेल तिकडं, वाटेल तेव्हा सुटतो. लेसर म्हंजे एका हाळीवर चालणारा उजेड. सगळ्या लहरी एका तालात, एका दिशेला. असं होऊ शकतं याचा हिशोब आइन्स्टाइननं १९१७ सालीच मांडला होता. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमननं माणकाच्या कांडीतून काढला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत जावन आणि त्याच्या सोबत्यांनी वायूतून काढला.

पटेलांनी कार्बन डायऑक्साइड धरला. आपण श्वासातून सोडतो तो. पहिल्यांदा निघालेला किरण फार कमजोर, मिलिवॅटच्या हिशोबातला. मग त्यांनी नायट्रोजन जोडीला घेतला. वीज खाऊन नायट्रोजनचे रेणू थरथरतात आणि ती थरथर जवळजवळ जशीच्या तशी कार्बन डायऑक्साइडला देतात. एकाच्या पाठीवरचं पोतं दुसऱ्याच्या पाठीवर जावं तशी. त्यात हेलियम घातला की तो खाली उतरलेल्यांना बाजूला सारून वाट मोकळी करतो. ताकद वाढत गेली. वॅट, शेकडो वॅट, १९६० चं दशक संपता संपता किलोवॅट. किरण डोळ्याला दिसत नाही, लहरीची लांबी १०.६ मायक्रोमीटर. १९६७ साली इंग्लंडात याच लेसरला ऑक्सिजनचा झोत जोडून पोलादी पत्रा कापला. आज पत्र्याच्या कामात फायबर लेसरनं त्याची बरीच जागा घेतली. पण लाकूड, ॲक्रिलिक, कापड, कातडं कापायला तो अजून चालतो. कातडं! रापी ज्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या होती, त्यांच्या किती पोरांना हे यंत्र बघायला मिळालं?

आता पैशाचं बोलू. चरित्रवाला जिथं गप बसतो, तिथंच खरं बोलणं सुरू होतं.

बेल प्रयोगशाळा कुणाची? ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीची. १ जानेवारी १९८४ ला तिची वाटणी झाली, तोवर अमेरिकेतल्या टेलिफोनवर तिची मक्तेदारी होती. लोक फोन करायचे, बिल भरायचे, आणि त्या पैशाच्या जोरावर ही प्रयोगशाळा उभी होती. ट्रान्झिस्टर १९४७ साली तिथंच झाला. २३ वर्षांचा पोरगा आत येतो, त्याला नळ्या मिळतात, आरसे मिळतात, वायू मिळतात, सोबतीला जाणते लोक मिळतात, आणि मुख्य म्हंजे वेळ मिळतो. आज निऑन बघ, उद्या झेनॉन बघ. फसलेला प्रयोग हाही कामाचा दिवस धरतात. तीन वर्षांनी त्यातनं जग बदलणारी गोष्ट निघते.

याला आमच्या भाषेत काय म्हणतात? उचल. काम व्हायच्या आधी दिलेला पैसा.

उचल आमच्याकडंही असते, दोस्तांनो. मुकादम पावसाळ्यात आणून देतो. त्यात पोरीचं लग्न होतं, बापाचं दवाखान्याचं होतं, मागचं देणं फिटतं. मग सहा महिने अंगावर फेडायची. आजारी पडलात तर खाडा. बाळंत झालात तर खाडा. हंगाम संपला आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. एक उचल माणसाला मोकळं करते, दुसरी माणसाला बांधते. एका उचलीत फसायची मुभा आहे, दुसरीत वाकून पाठ सरळ करायची मुभा नाही. कुमार पटेलांच्या अकलेला मी सलाम करतो. पण तीच अक्कल दुसऱ्या उचलीत जन्मली असती तर? ऊस मोजला असता, मोळ्या बांधल्या असत्या, आणि रात्री कोपीत बसून ताऱ्यांकडं बघत विडी ओढली असती. अशा किती अकला फडात पाचटाबरोबर जळाल्या याची नोंद कुठल्या कारखान्याच्या काट्यावर होत नाही.

खाड्याची किंमत काय असते ते एका आकड्यात सांगतो. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेरा हजार आठशे एकसष्ट. पाळी आली की त्रास, अंगावरून गेलं की त्रास, त्रास झाला की खाडा. मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो, आणि तिशीतली बाई पिशवी काढून पुन्हा फडात उभी.

आणि इथं लेसर परत येतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पाणी चटकन शोषून घेतं, आणि माणसाच्या मांसात पाणीच जास्त. म्हणून डॉक्टरांना तो सुरीसारखा वापरता येतो, रक्त कमी जातं. १९७० च्या दशकापासून गर्भाशयाच्या तोंडावरचा बिघडलेला पातळ थर या किरणानं जाळायचे उपचार जगात होऊ लागले. बिघडलेलं तेवढं घालवायचं, पिशवी जागेवर ठेवायची. बाईच्या प्रत्येक दुखण्यावर लेसर हा इलाज नाही, एवढं मलाही कळतं. बऱ्याचदा नीट तपासणी आणि साधी गोळी पुरली असती. पण कमीत कमी कापायची विद्या जगात येऊन पन्नास वर्षं होत आली आणि आमच्या बाईच्या वाट्याला जास्तीत जास्त कापणं आलं. हत्यार कुठलं निघालं यानं गरिबाचं भलं होत नाही. हत्यार कुणाच्या दारात थांबलं, हे बघायचं असतं.

आता त्या कंपनीचं. वयाच्या साठीनंतर उद्योजक झाले म्हणून टाळ्या वाजवतात. वाजवा. पण माल काय होता तो बघा. क्वांटम कॅस्केड नावाचे लेसर. त्यांचा शोध १९९४ साली त्याच बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी लावलेला. पटेलांच्या कंपनीनं ते जास्त ताकदीचे केले. हवेतला विषारी वायूचा अंश हुंगायला, आणि हेलिकॉप्टरच्या उष्णतेमागं धावणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसाही त्या कामात होता. म्हंजे सुरुवातीला पुण्यातलं सरकारी कॉलेज, मधी टेलिफोनची मक्तेदारी, मग सरकारी विद्यापीठ, शेवटी लष्कर. स्वतःच्या बळावर, मोकळ्या बाजारात, एकट्यानं, असं जे शिकवतात ते यात कुठं बसतं? आपल्या पोरांना मात्र सांगतात, नोकरी मागू नका, उद्योजक व्हा. भांडवल म्हणून काय, तर जिद्द. जिद्द तारण ठेवून कर्ज देणारी एक बँक दाखवा, उद्या रांगेत उभा राहतो.

आपल्यातली काही पोरं दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, विज्ञान ही त्यांची भानगड, आपण आपलं लढू. हे मला पटत नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशातल्या शिक्षणासाठी वेगळ्या मागितल्या. त्या माणसाला माहीत होतं की यंत्र ज्याला कळतं त्याला कुणी सहज वाकवत नाही. आज परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे, सगळ्या महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींसाठी जागा ७५. पण तिथवर पोचायला आधी भिंग हातात धरावं लागतं. मी ज्या शाळेत शिकलो तिथं प्रयोगशाळेला कुलूप होतं. प्रकाशाचं परावर्तन मी फळ्यावर शिकलो. मार्क पडले. आरसा नाही दिसला. माझा एक मित्र आयटीआय करून वाळूजला लेसरच्या यंत्रावर आहे. बटण तो दाबतो, पण यंत्राची मांडणी बदलायचा पासवर्ड त्याला देत नाहीत. हमालीचीच नवी तऱ्हा ही, फक्त पाठीवर पोतं नाही.

आणि आता लेसर थेट मराठवाड्यात येतोय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून लेसर सोडायचा आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर मोजायची. चांगली गोष्ट आहे. पण त्या भुजांचं काँक्रीट ओतायला आपण असणार, गेटवर शिट्टी घेऊन आपण असणार, हे कुणी न सांगता ठरलेलं आहे. आतल्या खोलीत कोण असणार ते अजून ठरवता येतं. म्हणून आत्ताच बोंब मारली पाहिजे.

मागणं साधं आहे. बीडमधल्या प्रत्येक शाळेची प्रयोगशाळा उघडा आणि किल्ली पोरांच्या हातात द्या. टोळीबरोबर पोरं जाऊ नयेत म्हणून हंगामी वसतिगृहं कागदावर असतात, ती भाताच्या ताटासकट खरी करा. लायगोतल्या तंत्रज्ञांच्या जागांसाठी मराठवाड्यातल्या कोयत्याच्या पोरांना आजपासून शिकवा, पगार देऊन शिकवा. सात प्रयोग फसले तर आठवा करू द्या.

भीक नको, बक्षीस नको, भिंतीवर थोरांचे फोटोही नकोत. आम्हाला उचल पाहिजे. तीच, जी बारामतीच्या पोराला परक्या मुलखात मिळाली.